रिसेप्टरवाले सोनकांबळे सर

सोनकांबळे सरांच्या थर्मासमधला चहा कुणी मागू नये. त्यात बर्फावर शेळीचं गर्भाशय असतं. खाटकाकडून ते घेऊन सर लातूरच्या सिटी बसने कॉलेजला जातात. थर्मास मांडीवर असा जपून धरतात की लोक स्वतःहून खिडकीची जागा सोडतात.

सर आमचे शेजारी, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशींवर रिसेप्टर असतात. वाढीचा निरोप घेऊन आलेलं रसायन त्यांना चिकटतं, तेव्हा कुठे अस्तर गर्भाला धरून ठेवायला तयार होतं. सरांना नाद या रिसेप्टरांचा. हात करूनही बस थांबली नाही, की "निरोप पोचला, रिसेप्टर न्हाई." नगरसेवकाबद्दलही तेच. बाईला 'वांझ' म्हणण्याविरुद्ध मी पत्रक काढलं, तर म्हणाले, "पोरी, विशेषणं लई झालीत. वाचणाऱ्याचे रिसेप्टर बसून जातेत."

खोट्याला त्यांच्याकडे माफी नाही. अंदाजाने आकडा लिहिणाऱ्या एकाला त्यांनी वर्षभर प्रयोगशाळेत पाऊल ठेवू दिलं नाही.

यंदा ताईच्या सासरची माणसं औशाहून आमच्याकडे आली. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. ताईला कायमची इथे सोडून दाजींचं दुसरं लग्न करायचं होतं. बैठकीला सर आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आले. माझं भाषण तयार होतं. सरांनी मला तोंडच उघडू दिलं नाही.

"पोराची तपासणी केली का?"

"त्याला काय धाड भरलीय?" ताईची सासू म्हणाली. "धडधाकट हाय."

"मीबी धडधाकटच व्हतो. दोष माझ्यातच निघाला. बोलणी मातर हिनं खाल्ली."

दाजीच खाली बघत म्हणाले, "करतो तपासणी. तवर दुसऱ्या लग्नाचं नाव काढू नको, आई."

मी काकूंबरोबर चहा करायला आत गेले. "सरांचं धाडस मोठं," म्हणाले.

काकूंनी गॅस बारीक केला. "त्यांच्यात काईच निघालं न्हवतं. मला दोनदा दिवस गेले, टिकलं न्हाई. एकदा सासूबाईसमोर असंच बोलले, तवापासून सगळीकडं तेच सांगतेत. मी मधी बोलाया गेले तर डोळे वटारतेत." मग कपबश्या मांडत म्हणाल्या, "त्या शेळ्यांच्या मागं तवाच लागले."

चहा घेऊन बाहेर आले, तर सर अंगणात दाजींना दवाखान्याचा पत्ता सांगत होते. दाजी नुसती मान हलवत होते.

"एकट्याला जायला लाज वाटती," सर हळूच म्हणाले. "सोमवारी मला तास न्हाईत. मी येतो संगं."

सोमवारी त्यांना दुपारपर्यंत तास असतात.