कोटाच्या अस्तराखाली

मीटिंगच्या खोलीतून घाईघाईने बाहेर पडताना दाराच्या मुठीत कोटाचा खिसा अडकला आणि 'टर्रर्' असा आवाज झाला. जावयाने खाली पाहण्याऐवजी डोळेच मिटून घेतले. कोट सासऱ्यांचा होता.

सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुकानदाराच्या तराजूतलं गुंजभर पासंगही त्यांच्या नजरेतून कधी सुटलं नव्हतं. तो सूट अडतीस वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नात त्यांच्या सासऱ्यांनी शिवून दिला होता. आजच्या मोठ्या मीटिंगसाठी तो जावयाला देताना त्यांनी तासभर व्याख्यान दिलं होतं.

"हे बघा, खांद्यावरची रेघ कॉलरच्या रेघेला कशी जुळलीय! काजं हाताने भरलेली आहेत. मोजा एका काजाचे टाके."

जावयाने मोजले होते. चुकलाही होता. सासऱ्यांनी पुन्हा मोजायला लावले होते.

"संध्याकाळी सहा वाजता सूट घ्यायला मी स्वतः येतो," असं म्हणून ते उठले होते.

आता दुपारचा एक वाजला होता आणि खिशाच्या कोपऱ्यापाशी कापड चांगलं चार बोटं फाटलं होतं.

"साहेब, स्टेपल मारू का?" शिपायाने विचारलं.

"अरे, स्टेपल काय मारतोस! त्यापेक्षा मलाच मार!"

"मग बाजाराच्या मागच्या गल्लीत एक रफूवाले आजोबा आहेत. कमी ऐकतात, पण हात सोन्याचा आहे त्यांचा."

जावयाने पँट बदलून सूट पिशवीत भरला आणि धूम ठोकली.

आजोबांनी कोट हातात घेतला. फाटलेल्या जागेकडे त्यांनी पाहिलंच नाही. कॉलर उलटी करून पाहिली, बाही उजेडात धरली, छातीवरचं कापड दोन बोटांत चोळलं.

"कुणी शिवलाय हो हा?"

"काका, रफू... सहाच्या आत..." जावई ओरडून म्हणाला.

"आतलं कॅनव्हास चिकटवलेलं नाही. टाक्याटाक्याने बसवलंय. आणि शिवणीच्या आत जादा कापडाची माया बघा किती सोडलीय! हल्लीचे शिंपी माया ठेवतच नाहीत." असं म्हणत आजोबांनी ब्लेड उचललं आणि अस्तराची शिवण सर्रकन उसवली.

"अहो! काय करताय?"

"याच कापडाचा धागा हवा. मायेतूनच काढावा लागणार." पाच मिनिटांत अस्तर बाजूला झालं. दहा मिनिटांत डावी बाही टेबलावर येऊन पडली. "बाहीची गरज नव्हती खरं तर," आजोबा प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "पण खांदा कसा बसवलाय ते बघायचं होतं."

जावई मटकन स्टुलावर बसला. समोर कोट नव्हताच, कोटाचं शवविच्छेदन चाललं होतं. सहा वाजता सासऱ्यांच्या हातात काय द्यायचं, एक बाही? बायको काय म्हणेल हा विचार त्याने मनात येऊच दिला नाही.

"हे काय?" आजोबा उजव्या बाजूच्या कापडावर वाकले. "इथे आधीच एक रफू आहे. आणि हा हात माझाच!"

जावई काही विचारणार तोच दुकानाच्या दारात अंधार झाला. सासरे उभे होते. धापा टाकत, घामाने थबथबलेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"बाबा..." जावई उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. "दाराची मूठ... माझी चूक... मी नवा शिवून..."

"ऑफिसात फोन केला तर शिपाई म्हणाला, रफूवाल्याकडे गेलेत." सासऱ्यांचं लक्ष जावयाकडे नव्हतंच. ते टेबलावरच्या उघड्या अस्तराकडे बघत होते आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "आधी ते दार लोटा."

जावयाने दार लोटलं.

"जावईबापू," सासरे कुजबुजले. सहा वर्षांत त्यांनी ही हाक पहिल्यांदाच मारली होती. "ते जुनं रफू तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"सिगारेटची ठिणगी पडली होती. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी. सिगारेट सोडल्याची शपथ मी हिच्या वडिलांच्या पायाशी घेतली होती, आणि हा कोट त्यांनीच दिलेला. हिला कळलं तर या वयात मला घराबाहेर झोपावं लागेल."

"मग ती काजं, ते टाके... इतकं सगळं का सांगितलंत?"

"माणसं काजं मोजत बसली की बाकीचं बघत नाहीत. नोकरीत तेच शिकलो."

जावई हसणार होता, पण आजोबांचा मोबाईल वाजला. ऐकायला कमी येतं म्हणून त्यांचा मोबाईल कायम स्पीकरवरच असे. त्यांनी बटण दाबलं.

"काका, ओळखलंत का?" सासूबाईंचा आवाज दुकानभर घुमला. सासरे भिंतीला टेकले. जावयाने तोंडावर हात ठेवला.

"बोला ताई, बोला."

"आमचे हे तिकडे आलेत का? फोनवर रफूवाला, रफूवाला म्हणत पळालेत. आले तर कोट खुशाल दाखवा. पण ती पँट उलटून दाखवू नका हो! माझ्या इस्त्रीने जळलेलं तुम्ही रफू करून दिलंय ते त्यांना कळलं तर माझी धडगत नाही. काजंबिजं मोजणारा माणूस तो!"

"नाही ताई, पँट अजून घडीतच आहे."

फोन बंद झाला. तिघांनीही टेबलाच्या कोपऱ्यावरच्या पँटकडे पाहिलं. सासऱ्यांनी हात पुढे केला. तो अर्ध्यावरच थांबला. मग त्यांनी पँट उलटी न करता हळूच उचलली आणि पिशवीच्या तळाशी ठेवून दिली.

"काका," ते मोठ्याने म्हणाले, "बाही जोडा. आणि टाके जरा घट्ट घाला. पुन्हा कुणी उघडायला नको."