गजा उजेड गाळतो

आमचा गजा लग्नाच्या हॉलमध्ये शिरला की माहीतगार माणसं आपापल्या पांढऱ्या वस्तू सांभाळायला लागतात. टोपीवाले टोपीवर हात ठेवतात, बायका रुमाल पर्समध्ये घालतात आणि आचारी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण मांडीखाली घेऊन बसतो. गजा चोर नाही, फोटोग्राफर आहे. पांढरं आणि पातळ असं काही दिसलं की ते आपल्या फ्लॅशवर कसं बसेल, एवढाच विचार त्याच्या डोक्यात येतो. एका लग्नात नवरीला बोहल्यावर घेऊन निघालेल्या मामांची टोपी त्याने वाटेतच उचलली आणि फ्लॅशला घातली. मामा बोडक्यानेच बोहल्यावर पोचले. फोटो मात्र इतके देखणे आले की घरातल्या पुढच्या लग्नाला मामा दोन टोप्या घेऊन आले.

यामागचं शास्त्र गजा कुणालाही, न विचारता, समजावून सांगतो. फ्लॅशचा उजेड थेट तोंडावर आदळला की नाक चकाकतं, कपाळ तुपात बुडवल्यासारखं दिसतं आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली उभी राहते. मध्ये पांढरं, पातळ काही धरलं की तोच उजेड पसरतो, मऊ होतो. बाजारात याला डिफ्यूजर म्हणतात. गजा म्हणतो, "उजेड गाळून घ्यायचा." एखादा फोटोग्राफर नुसता फ्लॅश मारताना दिसला तर गजा चारचौघांत तोंड फिरवतो. "उघडा फ्लॅश आणि उघडा माणूस लग्नात शोभत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य आहे.

राजिवड्याच्या मोहल्ल्यातल्या एका लग्नाचे फोटो पाहून नवरीचे चाचा इतके खूश झाले की त्यांनी कुवेतहून त्याच्यासाठी अस्सल, डबीसारखा डिफ्यूजर आणला. गजाने तो लावला, दोन फोटो काढले आणि उजेड बरा आहे, पण त्याला चव नाही, असा निकाल दिला. आता त्यात तो भाजलेले शेंगदाणे ठेवतो. त्याच्या मते जगातला सर्वोत्तम डिफ्यूजर म्हणजे मोदक उकडताना खाली घालायचं, धुऊन धुऊन विरलेलं फडकं. त्याच्या खालोखाल दुधाची पिशवी. पिशवी नीट धुतलेली नसली तर दुपारनंतर नवरानवरी नाक मुरडून उभी राहतात आणि अल्बम बघणाऱ्यांना वाटतं, लग्न मनाविरुद्ध झालंय.

सूर्याशी त्याचं वैर आहे, कारण सूर्याला फडकं बांधता येत नाही. एकदा मुंबईचं एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला भर दुपारी भाट्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं. गजाने आभाळाकडे पाहिलं, कॅमेरा पिशवीत घातला आणि सुरूच्या झाडांच्या सावलीत आडवा झाला. आम्ही काय करायचं, असं मुलाने विचारलं. "ढग येईपर्यंत प्रेम करत बसा," गजा म्हणाला आणि घोरायला लागला. ढग आला तेव्हा त्या दोघांचं कशावरून तरी कडाक्याचं भांडण झालेलं होतं. ते गाळून घेण्याची सोय गजाकडे नव्हती.

गजा आमच्या शेजारचा. त्याची आई तो लहान असतानाच गेली, म्हणून तो आमच्या अक्काच्या हातची पेज खाऊन वाढला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तरुणपणी स्टो भडकला आणि तिचा डावा गाल भाजला. तिचं लग्न जमलं नाही. तिने त्याचं रडगाणं कधी गायलं नाही, पण कॅमेरा दिसला की तिला हटकून चुलीवरचं काहीतरी आठवायचं. आमच्या घरच्या अल्बममध्ये अक्का सापडते ती तुकड्यातुकड्यांनी. एका फोटोत कोपर, एकात पदराचा काठ, एकात दारातून आत जाणारी पाठ. आमच्याकडे वर्षश्राद्धाचे फोटोसुद्धा आहेत, अक्काचा एक नाही.

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलीचं, मनालीचं, लग्न झालं. तिला अंगाखांद्यावर खेळवलं ते अक्काने. लग्न ठरल्यावर मनाली गजाच्या स्टुडिओत गेली आणि त्याला सांगून आली, की आत्तूबरोबर माझा फोटो नसेल तर मला अल्बमच नको. एरवी नवरीकडच्यांना तासभर व्याख्यान देणारा गजा नुसतं "बघू" म्हणाला. तो असा गप्प बसला की मला भीती वाटते. मागे एकदा असाच गप्प होता, तेव्हा दुसऱ्या दिवशी आमची मच्छरदाणी गेली होती.

लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकांची वेळ झाली. नवरदेव बोहल्यावर उभा राहिला आणि भटजींनी अंतरपाट मागितला. अंतरपाट नव्हता. भटजींनी मघाशीच तो पिशवीतून काढून खुर्चीवर ठेवला होता, स्वच्छ धुतलेला, पांढरा, पातळ, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. खुर्ची होती, अंतरपाट नव्हता. बायकांनी रुखवताखाली पाहिलं, व्याह्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी मात्र फक्त गजा कुठे आहे ते पाहिलं. गजाही नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणसाने एखाद्या गोष्टीचं वेड किती घ्यावं? मुलीच्या लग्नातला अंतरपाट पळवणारा फोटोग्राफर भूतलावर दुसरा नसेल. आज याला सगळ्यांसमोर झाडायचा असं ठरवून मी मागच्या खोल्यांकडे निघालो. भटजी माझ्या मागोमाग.

शेवटच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत एका दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी अंतरपाट टांगलेला होता आणि त्याच्यामागे स्टँडवर फ्लॅश. अंतरपाटासमोर खुर्चीवर अक्का बसली होती. नव्या साडीत, हात मांडीवर, मान खाली.

गजा तिच्यापुढे उकिडवा बसून बोलत होता. त्याचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता.

"अक्का, मला नवा कॅमेरा मिळाला त्या गणपतीत तुझा फोटो काढला, आठवतो? उघडा फ्लॅश मारला मी तुझ्या तोंडावर. अक्कल नव्हती. तू फोटो बघितलास आणि मुकाट्याने चुलीत घातलास."

"तू विसरलास असं वाटलं मला," अक्का म्हणाली.

"कसा विसरेन गो? तेव्हापासून उजेड गाळतोय मी."

मी दारातच थांबलो. इतकी वर्षं आम्ही सगळे त्याच्या टोप्यांना आणि फडक्यांना हसत होतो, आणि हा वेडा एकाच फोटोची तयारी करत होता.

तेवढ्यात चिमटा निसटला आणि अंतरपाट एका बाजूने लोंबला. मी धावत जाऊन ते टोक धरलं. दुसऱ्याही बाजूचा चिमटा गेला, तेव्हा ते टोक भटजींनी धरलं. अंतरपाट हातात आल्याबरोबर सवयीने त्यांनी घसा खाकरला, मग इकडेतिकडे पाहून गप्प झाले. मोठं कापड अगदी जवळ धरलं की उजेड सगळ्यात मऊ पडतो, स्वस्तिक खाली घेतलंय, सावली पडायची नाही, एवढं स्वतःशीच पुटपुटत गजाने बटण दाबलं.

मग तो कॅमेरा अक्कापाशी घेऊन गेला. मीही वाकून पाहिलं. डाग होता तिथेच होता, गजाने तो लपवला नव्हता. पण त्याच्याआधी डोळे दिसत होते, आणि ते आमच्या आईचे डोळे होते. अक्काला आईचे डोळे आहेत हे मला या वयात कळलं. बाहेरून कुणीतरी मुहूर्त, मुहूर्त म्हणून हाका मारत होतं. अक्का बघत राहिली. गजा तिच्याकडे बघत राहिला, निकाल लागायचा असल्यासारखा. आता ही कॅमेरा चुलीत घालणार की काय, असं मला क्षणभर वाटून गेलं.

"गजा," अक्का म्हणाली, "यात मी घाबरलेली दिसते रे. आणखी एक काढ. आणि मनालीला बोलव."

गौरीहर पुजत बसलेली मनाली शालू सावरत धावत आली आणि अक्काच्या गळ्यात पडली. आता उशीर झाला म्हणून भटजी माझ्यावर खेकसणार, असं मला वाटलं. ते खेकसले खरे, पण वेगळ्याच कारणासाठी. "यजमान, तुमची बाजू लोंबतेय, जरा वर धरा."

गजाने कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला. त्याने एका खिशात हात घातला, मग दुसऱ्या. तो रुमाल शोधत होता. त्याचा रुमाल सकाळपासून दुसऱ्या फ्लॅशवर बांधलेला होता. शेवटी त्याने अंतरपाटाचंच टोक ओढलं आणि डोळे पुसले.