नऊ वीत टेबल

प्रश्न विचारून पाऊण मिनिट उलटले होते आणि तिसरीच्या वर्गात अशी शांतता होती, की फळ्यावरून निसटलेली खडूची भुकटी जमिनीवर पोहोचली तेही ऐकू आले असते. रेणूने प्रश्न पुन्हा विचारला.

"हे टेबल किती वीत लांब आहे? कोण मोजून सांगेल?"

बारा विद्यार्थी माना खाली घालून बसले होते. त्यांतल्या सर्वांत धाकट्याचे वय एकोणपन्नास होते. कुणाचेच गुडघे बाकाखाली मावत नव्हते आणि सगळ्यांच्या नजरा तिरप्या होत होत खिडकीजवळच्या बाकाशी जाऊन थांबत होत्या. तिथे निळ्या सदऱ्यात, हाताची घडी घालून, रेणूचे सासरे हिम्मतराव बसले होते.

या साऱ्याला कारण झाले होते आभाळ. आदल्या संध्याकाळी अतिवृष्टीचा इशारा आला आणि हैदराबादेतल्या सगळ्या शाळांना सुट्टी जाहीर झाली. सकाळी मात्र चिक्कडपल्लीवर इतके निर्मळ ऊन उतरले, की पावसाने या शहराचा पत्ता कधी कुणाला विचारलाच नसावा. मुले घरी राहिली. बाह्य परीक्षक सुनंदाबाई मात्र रात्रभराचा प्रवास करून आदिलाबादहून येऊन बसल्या होत्या आणि दुपारच्या गाडीने परत जाणार होत्या. रेणूच्या शिक्षण पदविकेचा अंतिम पाठ आज झाला नसता, तर पुढची संधी सहा महिन्यांनी होती. आणि याच मराठी शाळेतली तिसरीच्या शिक्षिकेची जागा पुढच्या महिन्यात भरायची होती. गेल्या खेपेला ऐन पाठात तिचा आवाज घशाच्या तळाशी बुडून गेला होता. तो नापासाचा कागद पाहून हिम्मतराव एवढेच म्हणाले होते, "एकदा झालं. परत तसं झालं तर मुकाट आपल्या पडद्यांच्या दुकानात बसायचं. पडद्याला कुणी मार्क देत नाही."

सुनंदाबाईंनी नियमपुस्तिका उघडून चष्मा पुसला होता. "किमान बारा विद्यार्थी हवेत, असं लिहिलंय. वय लिहिलेलं नाही. तुम्ही सरावाच्या वेळी एकमेकींसमोर विद्यार्थी होऊन बसताच की. तसे बारा जण आण. पण मग ते विद्यार्थीच हं. नावाने हाक मारायची, 'तू' म्हणायचं. त्याला पाच गुण आहेत."

रेणूने नवऱ्याला फोन केला. प्रशांतने तासाभरात दुकानाच्या टेंपोतून बारा माणसे आणून उतरवली. ती हिम्मतरावांच्या भजनी मंडळाची होती. मलकपेठेत त्यांची गुरुवारची बैठक नुकतीच आटोपली होती.

"यात बाबा पण आहेत?" रेणूने टेंपोकडे पाहत विचारले.

"तेच तर सगळ्यांना घेऊन निघाले," प्रशांत म्हणाला. "म्हणाले, सून काय शिकवायली ते बघू तरी. मी नको कसं म्हणणार?"

प्रशांतच्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. हे मंडळ गेली वीस वर्षे हिम्मतरावांनी ओळ म्हटली की ती उचलत आले होते. त्यांच्याआधी सूर लावण्याची तिथे कुणाच्या गळ्याला सवयच नव्हती.

"खिडकीजवळ जे बसले आहेत," रेणू चाचरत म्हणाली, "त्यांनी मोजलं तर बरं होईल."

मागच्या बाकावर सुनंदाबाईंचे पेन कागदावर किंचित खरडले. नावाने हाक न मारल्याचा एक गुण वजा झाला असावा.

हिम्मतराव उठले. त्यांच्याबरोबर बाकही थोडे उठले आणि खाली बसले. त्यांनी बाही सारली, पंजा पसरला आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एखाद्या जमीनदाराने शेत चालून जावे तसा तो नेला.

"नऊ."

"नऊ," बाकीचे विद्यार्थी एका सुरात म्हणाले. मंगलाबाई अर्धी मात्रा मागे राहिल्या. त्या नेहमीच राहत.

रेणूने टेबलावरच्या पाठ-टाचणाकडे पाहिले. तिथे तिच्याच सुबक अक्षरात लिहिलेले होते: 'विद्यार्थी वेगवेगळी उत्तरे देतील.' सारा पाठ त्या एका वाक्यावर उभा होता. उत्तरे वेगळी आली तर शंका येणार, शंका आली तर सगळ्यांना चालेल असे माप लागणार, आणि मग तिने टेबलाच्या खणात ठेवलेली मीटरपट्टी बाहेर निघणार. एकमत झालेल्या वर्गाला शिकवण्यासारखे काहीच उरत नव्हते.

"सगळ्यांनी मोजायचं," ती म्हणाली. "आपापल्या वितीनं."

रांग लागली. हणमंतरावांचा पंजा पिंपळाच्या पानाएवढा. नवव्या वितीला टेबल अजून पुष्कळ शिल्लक होते, त्यांनी बोटे ताणली, मग जरा पुढे सरकले आणि कडेला हात टेकून म्हणाले, "नऊ."

"तुमची... तुझी दहावी राहिली नाही का?"

"नाही बाई. बुवा नऊ म्हणाले ना."

मंगलाबाईंनी तर टेबलाला हातच लावला नाही. "नऊच की वो. बुवांचं कधी चुकतंय?"

एवढ्यात पेटीवाले दिलीप उभे राहिले. ते मूळचे पुण्याचे, रेल्वेतून निवृत्त होऊन तारनाक्याला स्थायिक झालेले. "बाई, मी काय म्हणतो, वीत हे मुळात प्रमाणित एककच नाही. ज्याची त्याची वेगळी. हा घ्या माझा टेप. मी कायम खिशात ठेवतो."

शोध लागण्याआधीच शोधाचे उत्तर वर्गात येऊन पडले होते. रेणूला आपली पदविका, पुढच्या महिन्यातली ती जागा आणि फळ्यावर अजून न लिहिलेले निष्कर्षाचे शेवटचे वाक्य, तिन्ही एकदमच दूर जाताना दिसली. दूर जाणाऱ्या वस्तूंकडे पाहताना माणसाला कधी कधी आपला विसरलेला आवाज सापडतो.

"दिलीप," ती म्हणाली, "हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही. टेप खिशात ठेव. मी सांगेन तेव्हा काढायचा."

दिलीप चमकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर साठ वर्षांपूर्वीचे काहीतरी उजळले आणि ते आज्ञाधारकपणे खाली बसले. बसल्या बसल्या त्यांनी हात वर केला आणि तो तसाच ठेवला.

आता एकच विद्यार्थिनी मोजायची राहिली होती. पहिल्या बाकावर, पदर नीट ओढून, रेणूची सासू बसली होती.

"भामा, तू मोजलं नाहीस."

भामाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले.

"यांनी मोजलंय की," भामाबाई हळूच म्हणाल्या. "आमच्यात दोनदा मोजत नाहीत."

"वर्गात मोजतात. ये."

भामाबाई आल्या. त्यांचा हात लहान, सुईने टोचून टोचून खरखरीत झालेला. त्या टेबलावरून तो नेऊ लागल्या तेव्हा मंडळी मनातल्या मनात मोजत होती, हे त्यांच्या ओठांवरून कळत होते. नवव्या वितीला सगळे ओठ थांबले. हात थांबला नाही.

"अकरा," भामाबाई म्हणाल्या.

हिम्मतराव ताडकन उभे राहिले. "हात आखडायलीस तू. परत मोज."

"हिम्मत, खाली बस," रेणू म्हणाली. "आत्ता भामाची पाळी आहे."

असे शब्द त्या घरात यापूर्वी कुणाच्याही तोंडून निघाले नव्हते. ते वर्गाच्या मधोमध येऊन थांबले आणि आपण कुणाचे, हे त्यांनाच कळेना. हिम्मतरावांनी सुनेकडे पाहिले, मागे बसलेल्या सुनंदाबाईंकडे पाहिले. आणि ते खाली बसले. बाकाने गुडघे पुन्हा गिळले.

"तुझे नऊ, भामाचे अकरा," रेणूचा आवाज आता भिंतीपर्यंत जाऊन परत येत होता. "बरोबर कोणाचं?"

"माझं. चाळीस साल झाले, गिऱ्हाईकाच्या खिडक्या ह्याच हातानं मापायलो. एक बी पडदा आखूड झाला का, मलकपेठेत कुणाला बी विचारा."

भामाबाईंनी हात वर केला.

"बोल भामा."

"आखूड होत नाहीत, कारण मी परत माप घेते."

"कुठून घेतेस?" हिम्मतरावांनी हात वर न करताच विचारले.

"तुम्ही माप आणलं की मी गिऱ्हाईकाच्या बायकोला फोन करते. अम्मा, जरा फीते से नाप के बोलो, म्हणते. त्या बोलतात. मग मी कापते."

"आन् फोन नव्हता तेव्हा?"

"विरजण मागायला जायची. खिडकी मोजून यायची."

हिम्मतराव काही क्षण हिशेब जुळवत राहिले. "तरीच. घरात एवढं दही कायकू राहायचं, मला कळतच नव्हतं."

आणि मग वर्ग फुटला. बांध फुटावा तसा.

"बाई, माझे बी दहा आले होते," मागून कुणीतरी म्हणाले.

"मी मोजलंच नव्हतं," मंगलाबाई म्हणाल्या. "आता मोजू का?"

"माझे साडेअकरा," हणमंतराव उठून म्हणाले. "मी खोटं बोललो. माझा हात बारीक हाय, लाज वाटली."

टेबलाभोवती गर्दी झाली. कुणी कुणाचा पंजा आपल्या पंजावर ठेवून पाहत होते, कुणी भांडत होते. वीस वर्षांत प्रथमच ते मंडळ एका सुरात बोलत नव्हते आणि रेणू ते सगळे बेसूर आकडे फळ्यावर एकाखाली एक उतरवत होती.

"टेबल एकच," ती वळून म्हणाली. "मग आता काय करायचं? हिम्मत, तू सांग."

हिम्मतराव उठले नाहीत. आपला उघडा पंजा ते असा पाहत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या मनगटाला लावलेला असावा.

"सगळ्यांसाठी एकच माप पायजे," ते सावकाश म्हणाले. "कुणाच्याच हातचं नाही असं."

टाचणातला निष्कर्ष यापेक्षा लांब होता आणि यापेक्षा बरा नव्हता. रेणूने तो हिम्मतरावांच्याच शब्दांत फळ्यावर लिहिला. तिने खण ओढून मीटरपट्टी काढायला घेतली, तोच तिचे लक्ष दिलीपांच्या हाताकडे गेले. तो इतका वेळ वरच होता.

"काढ आता," ती म्हणाली.

टेप उलगडला. एकशे अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. भामाबाईंनी मोजले, हणमंतरावांनी मोजले, हिम्मतरावांनी दोनदा मोजले. आकडा कुणाच्याही मोठेपणाला भुलला नाही.

सुनंदाबाईंनी गुणपत्रकावर सही केली आणि पर्स उचलली. "वेळ सात मिनिटं जास्त घेतलीस, दोन गुण गेले. सुरुवातीला नाव घेतलं नाहीस, एक गेला. वर्गनियंत्रणाचे पैकीच्या पैकी दिलेत. तीस वर्षं पाठ बघतेय, सासऱ्याला खाली बसवलेलं आजच बघितलं." मग त्या थांबल्या. "मुख्याध्यापिकाबाई बाहेर उभ्या आहेत. पुढच्या महिन्यात तू कुठल्या तारखेला येणार, एवढंच त्यांना विचारायचंय."

रेणूच्या आवाजाचा उपयोग आता हसण्यासाठी होत होता. प्रशांतने दारातूनच दोन्ही हात वर केले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, त्याही आपापल्या लयीत.

गर्दी ओसरू लागली. हिम्मतराव सुनेसमोर येऊन उभे राहिले, कागदावरचे गुण त्यांनी बोट ठेवून वाचले आणि म्हणाले, "बाई, आता उभं राहिलो तर चालेल ना?" रेणूने ओठ आवळून मान डोलावली. मग ते वळले. भामाबाई बाकावरची आपली पिशवी उचलत होत्या.

"भामा," त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "पडद्याचं समजलं. माझ्यामागं अजून काय काय परत मापायलीस तू?"

भामाबाईंनी पदर सारखा केला, चपला पायात सरकवल्या आणि सुनेच्या दंडाला हलकेच हात लावून, जिन्याच्या पायऱ्या एकेक करत, सरळ खाली उतरून गेल्या.