एक गुंठा आकाश

हवाई दलात वैमानिक व्हायचं, तर उमेदवाराच्या घरच्या नावावर किमान अकरा गुंठे आकाश असावं लागतं. नियम जुना आहे. भूदलाला जमिनीचा उतारा लागतो, नौदलाला पाण्याचा, हवाई दलाला आकाशाचा. ज्याचं जे असेल त्याचंच तो जीव लावून रक्षण करणार, त्यात चूक काय, असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे ज्यांच्याकडे आकाश आहे ते.

केतकी बाबरकडे बाकी सगळं होतं. भौतिकशास्त्राची पदवी होती, तीही पहिल्या वर्गात. नजर चोख होती. एन.सी.सी.त ग्लायडर उडवल्याचं प्रमाणपत्र होतं. ऑगस्टमध्ये तिला चोवीस वर्षं पूर्ण होणार होती आणि त्या दिवशी अर्जाचं दार कायमचं बंद होणार होतं. म्हणून जूनमधल्या एका सोमवारी, कार्यालय उघडायच्या आधीच, ती आंबेसावलीच्या तलाठ्यांच्या पायरीवर जाऊन बसली.

"भाऊसाहेब, आमच्या आकाशाचा सातबारा हवाय."

"गट नंबर?"

"एकशे बारा."

तलाठ्यांनी संगणकात नंबर घातला आणि चष्मा कपाळावर चढवला. "जमीन अडीच एकर, दिनकर गणपत बाबर. हे तुझे वडील. विहीर एक, दिनकर गणपत बाबर. आणि आकाश..." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "आकाश हणमंत गणपत बाबर."

"ते आमचे आप्पा, थोरले चुलते. पण जमीन आमची आहे, मग तिच्यावरचं आकाश त्यांचं कसं?"

"तुझ्या आजोबांचं वाटणीपत्र आहे. थोरल्याला वरचं, धाकट्याला खालचं. सही आहे, दोन साक्षीदार आहेत."

"मग आप्पांच्या शेतावरचं आकाश तरी आमचं असेल."

"तेही त्यांचंच. वरचं म्हणजे सगळं वरचं."

"आणि त्यात त्यांनी केलंय काय आजवर?"

तलाठ्यांनी पीकपाहणीचा रकाना बघितला. "काही नाही. पड आहे. इतर हक्कात एका घारीची वहिवाट लागलीय, तेवढीच."

केतकी तशीच उठून आप्पांकडे गेली. आप्पा ओट्यावर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा सुजित मोबाइल उघडून त्याच्या पोटात काहीतरी शोधत होता. त्याला त्यातलं खरंच कळत असे. मात्र जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसला की तो खाली उतरेपर्यंत आईला हाका मारी, आणि घरावरच्या टाकीत पाणी किती हे बघायला आजही त्याची आईच शिडी चढे.

"आप्पा, अकरा गुंठे आकाश द्या. कागदावर द्या नुसतं. तुमचं पड पडलंय."

"अगं, आभाळ म्हणजे काय पसाभर ज्वारी आहे का, उसनी द्यायला?" आप्पा सुपारी तोंडात टाकत म्हणाले. "आणि पड कशानं? सुजितचा अर्ज भरलाय मी. हवाई दल. लढाऊ विमान."

केतकीने सुजितकडे बघितलं. सुजितने मोबाइलमध्ये मान घातली.

"सुजित, तुला व्हायचंय वैमानिक?"

"मला दुकान टाकायचंय," तो पुटपुटला. "पण आभाळ आहे ना घरचं. वाया कसं घालवायचं?"

"आप्पा, त्याला शिडी चढवत नाही!"

"विमानाला शिडी वेगळी असते," आप्पा म्हणाले. "आणि तुला द्यायचं म्हणजे काय, उद्या तुझं लग्न झालं की आमचं आभाळ दुसऱ्याच्या घरात. मग आम्ही ऊन कुठनं आणायचं? तुझ्या बापानं विहीर घेतली तेव्हा हसत घेतली होती. मी आभाळ घेतलं, तर येडा म्हणत होता मला. आता घे म्हणावं विहीर."

बुधवारी केतकी भरती केंद्रावर गेली. तिथल्या कारकुनाने तिन्ही दलांची माहितीपत्रकं तिच्यापुढे मांडली. तो सभ्य माणूस होता. अशा मुली त्याने बऱ्याच बघितल्या होत्या.

"भूदलातही वैमानिक असतात ना?" तिने विचारलं. "हेलिकॉप्टरचे? आमची जमीन अडीच एकर आहे."

"असतात की. जमीन भरपूर झाली. पण हेलिकॉप्टर वर उठलं की परक्याच्या आकाशात शिरतं. आकाशमालकाचं संमतीपत्र लागेल."

"ते मिळणार नाही."

"मग भूदलात तुम्ही जमिनीपासून नऊ इंचांपर्यंत उडू शकता. तेवढं जमिनीतच धरतात."

"आणि नौदल?"

कारकून सावरून बसला. "नौदलाचं बरं आहे. जहाजावरची धावपट्टी आखूड असते, म्हणून अकरा गुंठ्यांची अट नाही. एक गुंठा आकाश पुरतं. फक्त ते पाण्याला लागून पाहिजे."

केतकी घरी आली तेव्हा दुपार झाली होती. अण्णा, म्हणजे तिचे वडील, विहिरीच्या काठावर बसून मोटारीचा पाइप बघत होते. ती त्यांच्या शेजारी बसली आणि खाली वाकली. चाळीस फूट खाली पाणी होतं. पाण्यात स्वच्छ, निळं, काठोकाठ आकाश होतं.

"अण्णा, हे कोणाचं?"

अण्णांनी बराच वेळ विचार केला. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिक्षक होते आणि चुकीचं उत्तर द्यायची त्यांना भीती वाटे. "विहीर आपली आहे," ते शेवटी म्हणाले. "विहिरीतलं सगळं आपलं."

शुक्रवारी मोजणी झाली. भूकरमापक साखळी घेऊन दोराने खाली उतरला. आप्पा हरकतीचा अर्ज घेऊन काठावर हजर होते.

"भाऊसाहेब, हे माझं आभाळ आहे! माझं आभाळ हिच्या विहिरीत पडतंय, अन् ही त्याच्यावर नाव लावणार? हे अतिक्रमण झालं."

तलाठी शांतपणे म्हणाले, "आप्पा, बांधावरचा आंबा कोणाचा?"

"दिनकरचा."

"आणि तुमच्या रानात पडलेले आंबे कोण खातं?"

वीस वर्षं त्यांनी त्या आंब्याचा रस ओरपला होता. शिवाय 'पडलेलं ज्याच्या रानात पडलं त्याचं' हा ठराव ग्रामपंचायतीत त्यांनीच मंजूर करून घेतला होता.

"मोजा," आप्पा म्हणाले.

विहिरीचा व्यास अडतीस फूट भरला. आकाश एक गुंठा आणि वर दोन खाटांएवढं. तलाठ्यांनी तिथेच, काठावर बसून नोंद केली. आकाश, एक गुंठा. धारक, केतकी दिनकर बाबर. स्थान, विहीर. उंची, वजा चाळीस फूट.

"उंची लिहायलाच हवी का?" केतकीने विचारलं.

"रकाना आहे," तलाठी म्हणाले. "रकाना रिकामा सोडता येत नाही."

मुलाखत पाच दिवस चालली. केतकी भिंतीवरून उडी मारणाऱ्यांत पहिली आली, कागदावरच्या गणितात पहिली आली, यंत्रावर बसून विमान सरळ ठेवण्यात पहिली आली. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "हवाई दल सोडून नौदल का निवडलंत?"

"मी काही सोडलं नाही, सर. मला उडायचं होतं. जिथनं वाट मिळाली तिथनं आले."

अध्यक्षांना उत्तर फार आवडलं. त्यांनी ते लिहूनही घेतलं. केतकीची वैमानिक म्हणून निवड झाली. छातीवर सोनेरी पंख लागले तेव्हा अण्णा पहिल्या रांगेत बसून रडले. मग नेमणुकीचा आदेश हातात पडला. पाणबुडी.

ती तडक अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी गेली. "सर, काहीतरी चूक झालीय. मी वैमानिक आहे."

"आहातच की. पंख दिलेत तुम्हाला." त्यांनी तिची फाइल उघडली. "वैमानिकाने आपापल्या आकाशात उडायचं असतं. तुमचं आकाश वजा चाळीस फुटांवर आहे. त्या उंचीवर आमच्याकडे विमान नाही, पाणबुडी आहे."

"ते प्रतिबिंब होतं, सर! खरं आकाश वर आहे!"

अधिकाऱ्यांनी कागद उलटापालटा करून नीट बघितला. "इथे तसा काही शेरा नाही," ते म्हणाले. आणि मग, जरा मऊ आवाजात, "बाबर, तुम्ही यंत्रावर सगळ्यांत चांगल्या होता. मीच होतो तिथे. पण कागद तुम्हीच आणलात ना?"

कागद तिनेच आणला होता.

याला आता दोन वर्षं झाली. सुजित हवाई दलात आहे. तो रोज सकाळी विमानात बसतो, पट्टा आवळतो, डोळे मिटतो आणि हवा खराब असल्याचा अर्ज देतो. त्याचा अर्ज मंजूर होतो, कारण अडीच एकर आणि वर आप्पांचं सगळं मिळून त्याच्या नावावर पाच एकर आकाश आहे, आणि एवढ्या मोठ्या खातेदाराला हवा कळत नाही असं कोण म्हणणार? मधल्या वेळात तो तळावरच्या सगळ्यांचे मोबाइल दुरुस्त करतो. आप्पा पारावर बसून वर बघत असतात. वर घार असते.

केतकी वजा उंचीवर उडते. तिच्या नोंदवहीत रोज 'आकाश निरभ्र' असं लिहिलेलं असतं आणि ते खरं असतं. रजेवर ती विहिरीतूनच घरी येते. अण्णा दोर सोडतात, ती चढून वर येते, वेणी पिळते आणि जेवायला बसण्याआधी विहिरीच्या भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा तपासते. उंची बदलली की नोंद बदलता येते, हे तिने नियमांचं अख्खं पुस्तक वाचून शोधून काढलं आहे. अधिकाऱ्यांनीही ते लेखी मान्य केलंय. वजा संपून उंची शून्यावर आली, म्हणजे पाणी काठाला लागलं, की तिला विमान मिळेल.

गेल्या वर्षी पाऊस बरा झाला. पाणी नऊ फूट चढलं आणि केतकीला बढती मिळाली. एकतीस फूट राहिले आहेत.

अण्णांनी मोटार काढून ठेवली आहे. यंदा त्यांनी अडीच एकरांत काही पेरलं नाही. तलाठी पीकपाहणीला आले तेव्हा त्यांनी रान बघितलं, विहिरीत वाकून बघितलं, आणि रकान्यात 'पड' असं न लिहिता 'उड्डाण' असं लिहिलं.