मांजरांचा दर्प गेला त्याची हकीकत

श्रीगजवदनाचे स्मरण करोन, आणि जी मुकी जनावरे राजवाडे राखितात त्यांसही हात जोडोन लिहिले ऐसे जे, शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सरी एका राज्यात दप्तरखान्यावर उंदरांचे भयास्तव दोनशे मांजरे चाकरीस होती, आणि त्यांजवर म्हाळसा नामे वृद्ध बाई. तिचा रिवाज ऐसा की, मांजराचे मूत्र काचेचे कुपीत धरावे, हलवावे आणि फेस आला की ओवी म्हणावी,

आंधळा माझा भुरक्या, त्याला उजेड कशाचा
दारादारी लाविला गं, दिवा आपल्या वासाचा.

ओवी सरेतो फेस टिकला तर मांजर धड. मूत्रात देहाचे सत्त्व उतरते, त्याचाच फेस आणि त्याचाच दर्प. भुरक्या हा तिचा बोका, जन्मांध, आपला वास हुंगत सारा वाडा फिरे. मग परराज्याचा वकील दरबारी आला आणि नाकास शेला लावोन बसला. राणीसाहेब शरमिंद्या जाहल्या. वैद्य त्रिंबकभट बोलिले, "मासळी बंद करोन दूधभात द्यावा. सत्त्व उतरणार नाही, दर्पही राहणार नाही." म्हाळसा बोलली, "मांजर भातावर जगतं होय, भटजीबोवा?" वैद्य म्हणाले, "तू जगतेस की, म्हातारे!" सभा हसली, आणि हुकूम जाहला की, चोरोन मासळी घालील त्याचा हात तोडावा.

एकवीस दिवसांत दर्प गेला आणि वैद्यांस शाल मिळाली. परंतु कुपीतला फेस ओवीचे पहिल्या शब्दासच फुटो लागला, आणि वाड्यात विपरीत जाहले. मांजरी आपलीच पिले हुंगोन टाकोन जाऊ लागल्या आणि उंदीर त्यांचे पाठीवरून चालो लागले. माणसांसही समोरचे मांजर ध्यानी येईना. कारकून बैठकीवर बसत, खालोन ऊब लागे, तेव्हा दचकोन उठत. भुरक्या तर आपल्याच उंबऱ्याशी, परक्या गावी आल्यासारखा रडे. म्हाळसा म्हणे, "लेकरा, हा आपलाच खांब रे." तो हुंगे आणि मान फिरवी.

तेव्हा तिने आपले हाताची आशा सोडिली. भुरक्यास दोरीने जवळ बांधिले आणि आपले ताटातली सुकट व अंड्याचा बलक त्यास घातला. नवव्या दिवशी फेस एक ओळ टिकला, बाराव्या दिवशी ओवी सरली. मग भर दुपारी दोरी सोडिली. भुरक्या खांबाखांबाशी शिंपडीत चालिला, आणि त्याचे मागे, तो दर्प अंगी घेवोन, एक मांजर, मग दहा, मग सारी, पावलाचा आवाज नाही. कारकून ओरडले, "एवढी मांजरं आली कुठून?"

राणीसाहेब दर्पाचे मागे संतापोन आल्या. म्हाळसेने हात पुढे केला. "इथंच होती, बाईसाहेब. घ्या हात." राणीसाहेबांचे ओठ हालले, शब्द भलताच आला. "माझी कापुरी कुठं आहे गं?"

कापुरी त्यांची पांढरी मांजरी, गादीवर निजणारी. तिला शेवटी कोणी पाहिले, कोणासच आठवेना. भुरक्या गादीपाशी गेला आणि थांबला. तक्क्या काढिला. मागे कापुरी मुटकुळे करोन, वाळल्या पानासारखी. पोट मात्र वरखाली होत होते. राणीसाहेबांनी हात लाविला, तो जीव केव्हाच गेलेला, पोटाचे आत उंदरांची पिले.

सारांश, मासळी चालू जाहली, वैद्य राज्य सोडोन गेले, म्हाळसेचा हात राहिला. वकील पुन्हा आला, त्याने शेला नाकास लाविला, त्यास कोणी पुसिले नाही. राणीसाहेब आता रोज सकाळी स्वतः कुपी हलवोन ओवी म्हणतात, आणि दुसरे हाताने तक्क्यामागे चाचपोन पाहतात. इतके वर्तमान.