भाऊचं लाल बटन

आमच्या भाऊला टाळ्या वाजवता येत नाहीत. तो बाकं वाजवतो. बाक नसलं तर टेबल, टेबल नसलं तर पाट, आणि काहीच हाताशी नसलं तर शेजाऱ्याची मांडी. पाच वर्षं लोकसभेत बसून त्यानं दिल्लीहून घरी काही आणलं असेल तर एवढंच. मी ताटात गरम भाकर टाकली, की धप धप धप. वाटीतलं वरण अंबाडीच्या भाजीत जातं, आणि हा असा समाधानानं हसतो जसं काही विधेयक मंजूर झालं.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ श्रीधर. तो खासदार होता तोवर दिग्रसमध्ये 'साहेब' होता, तिकीट कापलं गेलं आणि पुन्हा 'श्रीधरभाऊ' झाला. वहिनी मुलाकडे नागपूरला राहते, त्यामुळे दोन्ही वेळा जेवायला हा माझ्याकडे. मी शकुंतला, त्याची धाकटी बहीण. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. 'खासदार हा जनतेचा प्रतिनिधी असतो' असं फळ्यावर लिहिताना मागून कोणीतरी खुदकन हसायचं, आणि मी त्याला उभं करत नसे. हसणाऱ्याचं काय चुकलं?

एकदा गावातल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याची शोकसभा होती. वक्ते गहिवरून म्हणाले, "अण्णांनी शेवटच्या श्वासापर्यंत पक्षाचा आदेश मोडला नाही." झालं. भाऊनं टेबल बडवायला सुरुवात केली. फोटोपुढची उदबत्ती आडवी झाली, अण्णांची बायको पदर तोंडाला लावून बघतच राहिली. घरी येताना मी त्याला म्हटलं, "भाऊ, तुले काही लाज?" तर म्हणतो, "काय करू वं, शकू, आदेश हा शब्द ऐकला का हात आपसूक चालतेत."

हात आपसूक, तोंड मात्र विचारून. त्याची दोन वाक्यं ठरलेली. 'वर विचारून सांगतो' हे पहिलं, आणि 'विषय गुंतागुंतीचा हाये' हे दुसरं. भाजीत मीठ कमी पडलं का, असं विचारलं तरी विषय गुंतागुंतीचा. बाबा म्हणायचे, या पोराला पाठीचा कणा देताना देव चहा प्यायला गेला होता. बापच तो, त्याला मालाची पारख होती.

कापसाबद्दलची त्याची भूमिका एसटीच्या थांब्यागणिक बदलायची. दिग्रसच्या बाजारात, "परदेशी कापसाची एक गाठ येऊ देनार नाई." यवतमाळला पोचेपर्यंत, "सर्व बाजूंनी विचार व्हायला पाहिजे." नागपुरात पत्रकार भेटले, की गिरणीमालकांचंही दुःख समजून घ्यायला हवं. आणि दिल्लीत? दिल्लीत तो बाकं वाजवायचा.

आवाजी मतदान त्याला फार आवडायचं. "आवाजासारखी गोष्ट नाई, शकू," तो म्हणायचा, "हो म्हना का नाही म्हना, आवाजात कोनाचं नाव नसते." मी शाळेत याच मतदानाला लोकशाहीचा आत्मा म्हणून शिकवलं होतं. पेन्शन परत करावीशी वाटली.

नाव लागायचं ते बटनाच्या मतदानात. निवडून आला तेव्हा पहिल्याच सुट्टीत त्यानं ते आम्हाला जेवणाच्या टेबलावर शिकवलं. एक वाटी पालथी घातली, ते मत सुरू करायचं बटन. शेजारी तीन वाट्या, हिरवं, लाल, पिवळं. चमच्यानं तांब्यावर टण्ण केलं. "ही पहिली घंटी. आता एक हात या वाटीवर, दुसरा हात आपल्या रंगावर. दोन्ही संगच दाबून ठेवाचे. दुसरी घंटी होईस्तोवर सोडाचं नाई. सोडलं, तर मत गेलं." मग आलेल्यागेलेल्या प्रत्येकाला तो हे दाखवत सुटला. दूधवाल्यानंसुद्धा आमच्याकडे दोनदा मतदान केलं आहे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव इतका बसला होता, की बाजार समितीच्या आवारात गाड्या मुक्कामाला असायच्या आणि व्यापारी लांबूनच कापसाकडे बघून, पान जमवून निघून जायचे. गावागावांतून काय बातम्या यायच्या ते तुम्हाला ठाऊक आहे, मला त्या पुन्हा सांगवत नाहीत. अशात बाहेरच्या कापसावरचा कर उतरवायचा विषय दिल्लीत निघाला. बाहेरचा स्वस्त कापूस आला, की आमच्या कापसाला विचारणार कोण? भाऊच्या पक्षाचा आदेश होता, बाजूनं मत द्या. भाऊ आदल्या आठवड्यात दिग्रसला आला, बाजारात गाडीवर चढला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "मी लाल बटन दाबनार. कापूस माह्या रक्तात हाये." लोकांनी खांद्यावर घेतलं. मीही गर्दीत होते. रक्तात कापूस असलेला माणूस दवाखान्यात पाहिजे, असं मनात आलं, पण खोटं कशाला सांगू, डोळे माझेही भरले.

मतदान झालं, कर उतरला. भाऊ परत आला आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या सगळ्यांना सांगितलं, "मी लाल दाबलं." दोन दिवसांनी पेपरात नावं आली. बाजूनं मत देणाऱ्यांत भाऊ नाही. विरोधात मत देणाऱ्यांत भाऊ नाही. त्याचं मतच नोंदलेलं नव्हतं.

मग काय, गावाला निमित्तच पाहिजे होतं. कोणी म्हणालं संडासात लपला होता, कोणी म्हणालं पैसे खाल्ले. मिरचीवाली त्याला विचारायची, "भाऊ, लाल देऊ का हिरवी? का नुसतीच पिशवी नेता?" मी तर घरातली. मी ताट वाढून ठेवलं आणि सांगितलं, "निदान हिरवं तरी दाबून याचं होतं. शिव्या तरी धड एका गोष्टीच्या खाल्ल्या असत्या."

"मी लाल दाबलं होतं शकू."

"मंग गेलं कुठं ते?"

"विषय गुंतागुंतीचा हाये," तो म्हणाला, आणि खाली मान घालून जेवला. इकडे गाव त्याला खोटारडा म्हणू लागलं आणि तिकडे पक्षाला त्याचं हिरवं मिळालं नाही म्हणून तिकीट कापलं गेलं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हाच.

यंदा पुन्हा निवडणूक जवळ आली आणि भाऊनं दिल्लीचं जाकीट उन्हात वाळत घातलं. त्याच सुमारास आमच्या सहकारी जिनिंगचा विषय निघाला. सरकी काढून रुई करणारा हा कारखाना बाबांनी आणि त्यांच्यासारख्यांनी शेअर घालून उभा केला होता. कापूस येईनासा झाला म्हणून संचालकांनी तो बंद ठेवला होता, आणि आता जागा विकून तिथं घरांच्या प्लॉटचं लेआउट पाडायचं ठरवलं होतं. मशीनवर काम करणाऱ्या बायका रोज फाटकाशी येऊन विचारायच्या, कधी सुरू होते? अध्यक्ष पक्षाचेच. त्यांनी भाऊला सरळ सांगितलं, सभेत विक्रीच्या बाजूनं हात वर करा, तिकिटासाठी तुमचं नाव वर पाठवतो.

हे भाऊनं मला जेवताना सांगितलं. बाबांचा शेअर त्याच्याच नावावर आहे. मुलीला शेअर द्यायचं आमच्याकडे कोणाला सुचलं नाही, नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मुलीलासुद्धा नाही. म्हणजे आमच्या घराचं मत एकच, आणि ते या बहाद्दराच्या हातात.

"जा," मी म्हटलं, "दाब हिरवं. मोठा हो." गरम भाकर ताटात टाकली. त्यानं टेबल वाजवलं नाही.

सभा जिनिंगच्या शेडमध्येच होती. मी त्या बायकांबरोबर दाराशी उभी होते. भाऊ पहिल्या रांगेत, त्याच जाकिटात. अध्यक्षांपुढे टेबलावर शाळेच्या हेडमास्तरकडे असते तशी घंटी. ठराव वाचला, आणि पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' सुरू झालं. मला वाटलं, झालं भाऊच्या मनासारखं, आवाजी. पण मागून एक म्हातारा उठला, "हात वर करून घ्या." अध्यक्षांनी कपाळाला आठी घालून घंटी वाजवली. बाजूनं हात वर आले, भरपूर आले. त्यात भाऊचा दिसला नाही. हा पुन्हा गायब, असं मी शेजारच्या बाईला म्हणालेसुद्धा.

"विरोधात कोणी?" अध्यक्षांनी घंटी न वाजवताच विचारलं. भाऊनं हात वर केला.

मागं दोघातिघांचे हात अर्धे उठले, अध्यक्षांनी तिकडे पाहिलं तसे ते डोकं खाजवायला गेले. राहिला एकटा भाऊचा. उजवा हात वर आणि डावा हात खुर्चीच्या दांडीवर गच्च दाबलेला. अध्यक्षांनी एकदा टण्ण केलं आणि म्हणाले, "ठराव मंजूर. पुढचा विषय."

भाऊचा हात वरच.

"भाऊ, झालं. घ्या खाली."

"दुसरी होऊ द्या," भाऊ म्हणाला.

"काय दुसरी?"

"घंटी. विरोधाची एकच झाली."

सभा हसली. कोणीतरी म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला. जाकिटाची बाही कोपरापर्यंत घसरली होती. मला राहवलं नाही, मी आत गेले. सभासद नसलेल्या बाईनं सभेत जायचं नसतं हे मलाच सगळ्यात जास्त ठाऊक. त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "भाऊ, काहून तमाशा करून राह्यला? हात घे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बघतच म्हणाला, "तिथं मी सोडला होता शकू. लाल दाबलं होतं, खरंच दाबलं होतं. मंग मान वळवली तं आमच्या पक्षाचा आदेशवाला मलेच पाहून राह्यला होता. दुसरी घंटी व्हाच्या आधीच बोटं उचलल्या गेली. हे कोनाले सांगू मी?"

इतकी वर्षं हा माझ्या हातचं जेवत होता, मिरचीवालीचं ऐकून घेत होता, आणि एवढंसं वाक्य याला मला सांगता आलं नव्हतं. सांगणार कसा, मी सांगू दिलं असतं तर ना. मला त्याचा राग आला, माझा आला, सगळ्यांचा आला.

मी तशीच टेबलापाशी गेले. अध्यक्ष "बाई, बाई" करत राहिले. मी घंटीवर हात मारला, आणि लिहिणाऱ्या कारकुनाला म्हटलं, "लिहा. विरोधात एक. नावासकट लिहा."

तेव्हा भाऊनं हात खाली घेतला.