वळणावरचं नेतृत्व

सासूबाईंचे गुडघे जिना चढायला कुरकुरू लागले, तेव्हा त्यांचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावरून खालच्या खोलीत आणायचं ठरलं. पलंग उतरला, शिवणयंत्र उतरलं. राहिलं ते लाकडी कपाट. सुतार म्हणाला होता, सोमवारी चार माणसं घेऊन येतो. पण घरातले जावई गेली एकोणीस वर्षं कॉलेजात 'नेतृत्वाचे सिद्धांत' हाच विषय शिकवत होते, आणि आज, शनिवारी, अकरा वाजता विभागप्रमुखाच्या जागेसाठी त्यांची मुलाखत होती. एक कपाट उतरवायला ज्याला सुताराची वाट बघावी लागते त्याने विभाग काय चालवायचा, असं त्यांना सकाळी दाढी करताना वाटून गेलं.

बायकोने सुचवलं, आतला कोट तरी आधी काढून ठेवा. प्राध्यापकांचा मुलाखतीचा कोट त्याच कपाटात टांगलेला होता, कारण घरात दुसरीकडे कुठेच तो न चुरगळता मावत नसे. प्राध्यापक म्हणाले, दहा मिनिटांत कपाट खाली असेल, मी खालीच कपडे करीन. तेव्हा सव्वानऊ झाले होते आणि त्यांच्या अंगात बनियन आणि रंगाचे डाग पडलेली अर्धी चड्डी होती.

मदतीला मेव्हणा आला. शेजारचे मोटार शिकवणारे गृहस्थही आले. प्राध्यापकांनी सगळ्यांना कपाटाभोवती उभं केलं आणि या कामामागचं आपलं समान स्वप्न काय, यावर थोडक्यात बोलले. हे थोडक्यात संपेपर्यंत पावणेदहा झाले. मग दारांची बाजू भिंतीकडे ठेवायची की कठड्याकडे, यावर लोकशाही पद्धतीने मतदान झालं. दोन-दोन मतं पडली. प्राध्यापकांनी अध्यक्ष म्हणून निर्णायक मत दिलं: भिंतीकडे.

कपाट उचललं गेलं. नेत्याला सगळं चित्र दिसलं पाहिजे म्हणून प्राध्यापक वरच्या टोकाला राहिले, बायको धरून बाकीचे तिघे खालून. सात पायऱ्या झकास गेल्या. मग जिन्याचं वळण आलं आणि प्राध्यापक म्हणाले, डावीकडे घ्या.

"तुमची डावी का माझी डावी?" शेजाऱ्यांनी विचारलं.

प्राध्यापकांनी समजावलं, की परिस्थितीनुसार नेतृत्वाची शैली बदलते, पण दिशा एकच असते. तोवर मेव्हण्याने स्वतःच्या डावीकडे आणि शेजाऱ्यांनी प्राध्यापकांच्या डावीकडे जोर लावला होता. कुठेतरी 'कर्र' झालं आणि कपाट भिंत आणि कठड्याच्या मधे असं जाऊन बसलं, जणू जिना त्याच्याच मापाने बांधला होता. वर होते प्राध्यापक, खाली होतं सगळं जग, आणि भिंतीला तोंड लावून बसलेल्या कपाटात होता कोट.

पुढचा अर्धा तास प्राध्यापकांनी वरून प्रोत्साहन दिलं. कपाट जागचं हललं नाही. साडेदहाला त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कॉलेजात फोन लावला आणि घरात एक अचानक अडचण उभी राहिली आहे, असं सांगितलं. यात खोटं काही नव्हतं. अडचण उभीच होती. तिथला लिपिक भला होता. समितीतल्या एक बाई तशाही परगावाहून व्हिडिओवरच आहेत, तुम्हीही तसेच या, अकराला फोन करतो, असं म्हणाला. सासूबाईंच्या रिकाम्या खोलीत खुंटीवर त्यांचा जुना करडा स्वेटर राहिला होता. तो प्राध्यापकांनी घातला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या, पण गळा बरा दिसत होता.

इतका वेळ सासूबाई खालच्या खोलीत पलंगावर बसून होत्या. त्यांची नोकरी सगळी मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका म्हणून झाली होती. आता त्यांनी खुर्ची जिन्याच्या पायथ्याशी मांडायला लावली आणि काठी मांडीवर घेऊन बसल्या.

"लिफ्ट बंद पडली की आम्ही माणसं स्ट्रेचरवरून याहून अरुंद जिन्याने उतरवायचो," त्या म्हणाल्या. "जावईबापू, वर राहिलेल्या चादरीचं एक टोक कपाटाच्या वरच्या पायांना बांधा, दुसरं हाताला गुंडाळा. काठी एकदा वाजली की जरा सैल सोडायचं. दोनदा वाजली की ओढून धरायचं. आणि तोंडातून चकार शब्द नाही. कुठे घासतंय ते मला ऐकू यायला हवं."

प्राध्यापकांनी फोन खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला आणि वरच्या पायरीवर पाय रोवून बसले. मुलाखतीला अजून दहा मिनिटं होती. तेवढ्यात काम उरकेल, असा त्यांचा हिशेब होता. पण फोन पाच मिनिटं आधीच वाजला, आणि त्याच क्षणी कपाट सुटून मेव्हण्याच्या बाजूला कललं. चादर ताणली गेली. आता हात सोडला तर मेव्हणा कपाटाखाली. प्राध्यापकांनी मान लांबवून फोन नाकाने घेतला.

पडद्यावर समितीचे अध्यक्ष, एका कारखान्याचे व्यवस्थापक आणि परगावच्या बाई दिसल्या. अध्यक्षांनी विचारलं, परिणामकारक नेत्याचा सगळ्यात मोठा गुण कोणता? या विषयावर प्राध्यापकांचा तीनशे पानी प्रबंध होता. "माझ्या मते..." त्यांनी सुरुवात केली.

"वर कोण बोललं?" खालून आवाज आला.

प्राध्यापकांनी तोंड मिटलं. विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर दिलं नाही. काठी एकदा वाजली. चादर सैल सोडताना ते पुढे झुकले आणि त्यांचा चेहरा पडद्यावर मोठा झाला. समितीला वाटलं, यांना आधी आपलं मत ऐकायचंय. बाई म्हणाल्या, मला वाटतं धैर्य. व्यवस्थापक म्हणाले, धैर्य नंतर, आधी शिस्त. काठी दोनदा वाजली. प्राध्यापक मागे रेलले, डोळे घट्ट मिटले, कपाळाची शीर टरारली. इतका खोल विचार करणारा उमेदवार समितीने आजवर पाहिला नव्हता.

मग नेता जन्मावा लागतो की घडवता येतो, यावर त्या तिघांचीच जुंपली. बाईंनी आपल्या पहिल्या नोकरीतला अनुभव सांगितला. व्यवस्थापकांनी संपाची गोष्ट सांगितली आणि सांगता सांगता चष्मा काढून डोळे पुसले. प्राध्यापक कधी पुढे झुकत होते, कधी मागे जात होते. दोनदा त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, कारण चादर बोटांत रुतत होती. वीस मिनिटं त्यांना कुणी एक शब्द विचारला नाही. खाली मात्र सासूबाई हलक्या आवाजात बोलत होत्या: आता डोक्याकडची बाजू उचल, पाय भिंतीशी, घाई नको. कपाट वळणातून इंच इंच फिरत होतं.

शेवटी अध्यक्ष बोलायला लागले. पस्तीस वर्षांच्या नोकरीचं सार त्यांनी सहा मिनिटांत सांगितलं. ते थांबले आणि त्याच वेळी हातातली चादर एकदम ढिली पडली. खाली चारी पाय जमिनीला टेकल्याचा आवाज आला. प्राध्यापकांच्या छातीतून मोठा उसासा बाहेर पडला.

"उतरलं," ते म्हणाले.

"मनात उतरलं ना, मग झालं तर," अध्यक्ष भारावून म्हणाले आणि फोन बंद झाला.

प्राध्यापक तिथेच पायरीवर डोकं धरून बसले. एकोणीस वर्षांची वाट आणि मुलाखतीत बोललेले शब्द मोजून तीन. खाली गेल्यावर त्यांनी कोट काढून बघितला. त्याला एक चुणी पडली नव्हती, पण आता तो घालून जायचं कुठे? ते जेवायलाही बसेनात. बायकोने समजूत घातली, मेव्हण्याने पाय दाबून देतो म्हटलं. सासूबाई कपाटात साड्या लावत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, की चादर चांगली धरलीत हो.

दोन वाजता अध्यक्षांचा फोन आला. निवड एकमताने झाली होती. आधीच्या पाच उमेदवारांनी समितीला तोंड उघडू दिलं नव्हतं, ते म्हणाले. समोरच्याचं इतकं मन लावून ऐकणारा माणूस मात्र आम्ही पहिल्यांदा पाहिला. आणि एक विनंती होती. सोमवारी सगळ्या विभागाला एकत्र बसवून 'ऐकण्याचं महत्त्व' या विषयावर प्राध्यापकांनी दोन तास मार्गदर्शन करावं.

प्राध्यापकांनी घसा खाकरला. दोन तासांत विषयाला न्याय मिळणार नाही, ते म्हणाले. तीन मिळाले तर बघा.